चार्ल्सच्या नियमाची म्हणून दिली जाणारी उदाहरणे खरोखर त्या नियमाची असतात का?

फळा_खडू

कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी एक गोष्ट खटकते, म्हणून हा धागा काढत आहे. चार्ल्सचा नियम वाक्यापुरता सोपा आहे. वायूचे वस्तुमान ठरावीक असेल आणि दाब स्थिर असेल, तर त्याचे आकारमान केल्विनमधील तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, समप्रमाणात बदलते. मुलांना नियम पाठ असतो आणि गणितेही सुटतात. अडचण येते ती उदाहरणांपाशी. मार्गदर्शक पुस्तकांत आणि चित्रफितींत नेहमी भेटणारी मंडळी ठरलेली आहेत : उन्हाळ्यात फुटणारा टायर, तेलात फुगणारी पुरी, घाटात टम्म होणारे वेफर्सचे पाकीट, गरम हवेचा बलून आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवताच आकसणारा रबरी फुगा.

माझे म्हणणे असे की, यांपैकी एकही उदाहरण नियमाच्या दोन्ही अटी धडपणे पाळत नाही. कुठे दाब स्थिर नसतो, कुठे वायूचे वस्तुमान स्थिर नसते, तर कुठे वायू हा वायूच राहत नाही. परिणाम असा होतो की मुले उदाहरण लक्षात ठेवतात आणि अट विसरतात, आणि मग ‘स्थिर दाबाला’ हे शब्द उत्तरपत्रिकेत केवळ गुणांसाठी येतात.

ज्यांत दाब आणि वस्तुमान दोन्ही खरोखर स्थिर राहतात आणि जी वर्गात साध्या साहित्याने दाखवता येतात, अशी उदाहरणे कोणाला माहीत आहेत का? वरील यादीतील एखाद्या उदाहरणावर मी अन्याय करत असेन, तर तेही अवश्य लिहावे.

टपरीवरचा_चहा

टायरबाबत पूर्ण सहमत. माझे गॅरेज आहे, त्यामुळे आकडे रोजच्या पाहण्यातले आहेत. सकाळी २५ अंशांना गार टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली आणि महामार्गावर टायर ५५ अंशांपर्यंत तापला, तर मापक साधारण ३६ ते ३७ दाखवतो. टायरचे आकारमान जवळपास तेवढेच राहते आणि वाढतो तो दाब.

येथे एक गफलत नेहमी होते. मापकावरचे ३२ हे वातावरणाच्या दाबाच्या वरचे असतात. हिशेब करताना त्यांत १४.७ मिळवून ४६.७ घ्यावे लागतात, त्यांना ३२८ भागिले २९८ ने गुणावे लागते आणि येणाऱ्या ५१.४ मधून पुन्हा १४.७ वजा करावे लागतात. थेट ३२ ला गुणणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत, त्यांची नावे विचारू नयेत.

रानवारा

टायरचे उदाहरण इतिहासातही दुसऱ्याच माणसाच्या खात्यावर जाते. बंद भांड्यातील हवा तापवली की तिचा दाब कसा वाढतो, याचा अभ्यास फ्रान्समध्ये गीयोम आमाँताँ यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी केला होता, म्हणजे चार्ल्स यांच्या जन्माच्याही आधी.

अंजिरी

पुरीबद्दल मला बोलू द्या, कारण गृहविज्ञान शिकवताना हाच प्रश्न माझ्यापुढे येतो. पुरीतील हवा ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली असे धरले, तर तिचे आकारमान ३७३ भागिले ३०३ म्हणजे सुमारे १.२३ पट होईल. लाटलेल्या पुरीत मुळात हवा असते ती किती, आणि तिच्यात तेवीस टक्क्यांची भर पडून पुरीचा चेंडू कसा होणार? पुरी फुगते ती वाफेने. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना आणि वातावरणाच्या दाबाला सुमारे १.७ लिटर वाफ होते, म्हणजे कणकेतील अवघ्या पाव ग्रॅम पाण्याने चारशे मिलिलिटरहून अधिक जागा भरते.

हे कढईपाशी उभे राहूनही तपासता येते. पुरी तेलात सोडल्यावर प्रथम तळाशी बसते, मग बुडबुडे सोडत वर येते आणि झाऱ्याने हलके दाबले की एका बाजूने उचलली जाऊन सगळीकडे पसरत फुगते. तेवढ्यात दोन्ही पापुद्रे आवळून वाफेला कोंडण्याइतके घट्ट झालेले असतात. कणीक सैल असेल किंवा लाटताना कड फाटली असेल, तर वाफ निघून जाते आणि पुरी चपटी राहते. येथे दाब फारसा वाढत नाही हे खरे, पण आतल्या वायूचे वस्तुमान क्षणोक्षणी वाढत असते, तेव्हा नियमाची दुसरी अट मोडते. फुलक्यालाही हेच लागू आहे.

सांगलीकर_७२

आमच्याकडे पुरी फुगली नाही की दोष नेहमी तेलाच्या तापमानाला दिला जातो. आता वस्तुमानालाही देता येईल.

तिरपी_रेघ

धागाकर्त्यांच्या तक्रारीचा आशय समजला, पण मला ती जरा अतिशुद्ध वाटते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला प्रथम एवढेच कळायला हवे की वायू तापला की पसरतो. पुरी, टायर आणि बलून हे सगळे त्या एका कल्पनेचे चेहरे आहेत. अटींचा काटेकोरपणा पुढे आदर्श वायूचे समीकरण शिकताना आपोआप येतो. प्रत्येक उदाहरणाला न्यायालयात उभे केले, तर मुलांच्या हाती केवळ बैजिक राशी उरतील.

फळा_खडू

तिरपी_रेघ, आपला मुद्दा मी नाकारत नाही. पण टायरचे आकारमान बदलत नाही आणि नियम आकारमानाचा आहे, तेव्हा ‘पसरतो’ हा चेहरासुद्धा टायरमध्ये दिसत नाही. पुरीवरून शिकलेला मुलगा पुढे गणित करताना ७० अंशांच्या वाढीने आकारमान दहापट व्हायला हवे अशा समजुतीत असतो. तोच मुलगा २० अंशांचे ४० अंश केले की आकारमान दुप्पट होते असे लिहितो. प्रत्यक्षात २० अंश म्हणजे २९३ केल्विन, त्याची दुप्पट ५८६ केल्विन आणि ते होतात ३१३ अंश सेल्सिअस. आकारमान दुप्पट करण्यासाठी शिसे जवळजवळ वितळेल इतके तापवावे लागते, ही जाणीव चुकीच्या उदाहरणाने कधीच येणार नाही. माझा आग्रह अटीपेक्षा या प्रमाणाच्या जाणिवेसाठी आहे.

नळीतला_पारा

वर्गात दाखवण्याजोगे सर्वांत प्रामाणिक साधन म्हणजे केशनळी. एका टोकाला बंद केलेली काचेची बारीक नळी, तीत कोरडी हवा आणि हवेवर पाऱ्याचा छोटासा स्तंभ, एवढेच साहित्य लागते. नळीचे छिद्र सर्वत्र सारखे असल्याने हवेच्या स्तंभाची लांबी हेच आकारमानाचे माप ठरते. पारा वरखाली सरकू शकतो, म्हणून आतला दाब वातावरणाचा दाब अधिक पाऱ्याच्या स्तंभाचा दाब एवढाच राहतो. २७ अंशांना हवेचा स्तंभ ६० मिलिमीटर असेल, तर ७७ अंशांना तो ७० मिलिमीटर भरायला हवा, कारण ३०० केल्विनचे ३५० केल्विन झाले. चार-पाच बिंदू आलेखावर घेऊन रेषा मागे वाढवली की ती उणे २७० अंशांच्या आसपास, म्हणजे शून्य केल्विनजवळ, तापमानाच्या अक्षाला छेदते, आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहण्यासारखा असतो.

दाब स्थिर ठेवणे ही अट किती नाजूक आहे, हे याच नळीने दाखवता येते. पाऱ्याचा स्तंभ २ सेंटिमीटर असेल, तर नळी उभी असताना आतला दाब ७८ सेंटिमीटर पाऱ्याइतका असतो आणि आडवी केल्यावर ७६ होतो. तेवढ्याने हवेचा स्तंभ सुमारे अडीच टक्क्यांनी लांबतो. एक अंश तापमानवाढीने स्तंभ केवळ एक तृतीयांश टक्का वाढतो, म्हणजे नळी आडवी करणे हे तिला आठ अंश तापवण्यासारखे झाले. पाण्याच्या भांड्यात नळी तिरपी टेकवून ठेवणारे विद्यार्थी उत्तर का चुकवतात, याचे कारण येथे आहे.

पारा विषारी असल्याने शाळांनी आता तो टाळावा. त्याऐवजी तेलाचा थेंब चालतो, फक्त तो नळीच्या भिंतीला चिकटून मागे रेंगाळतो, म्हणून वाचन घेण्यापूर्वी नळीला बोटाने हलकेच टिचकी मारावी. तापवताना आणि थंड होताना, अशी दोन्ही वाचने घेऊन सरासरी काढली तर ही चूक बरीच भरून निघते.

रानवारा

‘कोरडी हवा’ हे शब्द वर सहज आले आहेत, पण या नियमाचा सगळा इतिहास त्या एका विशेषणाभोवती फिरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जाक चार्ल्स यांनी १७८७ च्या सुमारास प्रयोग केले आणि ते प्रसिद्ध केलेच नाहीत. १८०२ मध्ये जोसेफ लुई गे-ल्युसाक यांनी स्वतःचा निबंध प्रसिद्ध करताना, चार्ल्स यांना हे पंधरा वर्षांपूर्वी आढळले होते असे मोकळेपणाने नोंदवले, आणि त्या एका नोंदीमुळे नियमाला चार्ल्स यांचे नाव मिळाले. मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टन यांनीही १८०१ मध्ये याच निष्कर्षाचा निबंध वाचला होता. तीन माणसे एकाच गोष्टीपाशी पोहोचली आणि ज्याने काहीच छापले नाही त्याचे नाव लागले, असा हा प्रकार आहे. आपल्या विद्यापीठांत असे घडणे कठीण दिसते.

गे-ल्युसाक यांच्यापूर्वीच्या संशोधकांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कोणाची हवा फार पसरे, कोणाची कमी. त्यांच्या भांड्यांत पाण्याचा अंश राहिलेला असे. भांडे तापवले की त्या पाण्याची वाफ होई आणि ती वायूच्या आकारमानात मिसळून जाई. अंजिरी यांची पुरी येथे प्रयोगशाळेत शिरली होती असे म्हणायला हरकत नाही. गे-ल्युसाक यांनी वायू आणि भांडी कसोशीने कोरडी केली, तेव्हा कुठे शून्य अंशाला १०० भाग असलेला कोणताही वायू १०० अंशांना सुमारे १३७.५ भाग होतो, असे दिसले.

तो आकडाही थोडा जास्तच होता. १८४० च्या दशकात आंरी व्हिक्तॉर रेन्यो यांनी हवेसाठी १३६.७० हा आकडा काढला. त्यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली, ती म्हणजे सगळे वायू अगदी सारखे पसरत नाहीत. हायड्रोजनसाठी १३६.६१, कार्बन डायऑक्साइडसाठी १३७.१० आणि सल्फर डायऑक्साइडसाठी १३९.०३ असे त्यांचे आकडे आहेत. जो वायू सहज द्रवरूप होतो, तो नियमापासून अधिक ढळतो.

तंबू_आणि_तारे

आता बलूनची बाजू मांडतो. धागाकर्त्यांनी त्याला यादीत टाकले, ते मला पटलेले नाही. बलूनचे तोंड खाली उघडे असते, तेव्हा आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखाच. दाब स्थिर राहिल्याचे याहून चांगले उदाहरण कोणते? चार्ल्स स्वतः बलूनवालेच होते.

फळा_खडू

दाबाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. पण बलून एकदा पूर्ण ताणला गेला की त्याचे आकारमानही स्थिर असते. दाब स्थिर, आकारमान स्थिर, मग तापमान वाढले की बदलते काय? आतल्या हवेचे वस्तुमान बदलते, कारण जादा हवा खालच्या तोंडाने बाहेर जाते. म्हणून मी त्याला नियमाचे थेट उदाहरण मानत नाही.

तंबू_आणि_तारे

ही हिशेबाची रीत झाली. मी हवेचा एक ठरावीक किलो घेतो आणि तो कापडाच्या आत आहे की बाहेर, याची फिकीर करत नाही. तो किलो तापला, त्याचे आकारमान वाढले, म्हणून त्यातला काही भाग तोंडाबाहेर ढकलला गेला. नियम हवेच्या त्या किलोला लागू आहे, कापडाला नव्हे. मुलांना हे सांगितले की घनतेचे गणितही लगेच सुटते. समुद्रसपाटीला २० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १.२० किलो भरते आणि १०० अंशांची सुमारे ०.९५ किलो. फरक पाव किलोचा. बलून २२०० घनमीटरचा असेल, तर साधारण साडेपाचशे किलो उचलशक्ती मिळते, आणि त्यातच कापड, टोपली, बर्नर, सिलिंडर व माणसे आली. बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर हीच उचलशक्ती सुमारे ४८० किलोवर येते. बलूनची उड्डाणे पहाटेच्या गारव्यात का करतात, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण हे आहे.

नळीतला_पारा

या वादात मी तंबू_आणि_तारे यांच्या बाजूने आहे. गणित करताना आपण कोणता वायू मोजतो आहोत हे प्रथम ठरवावे, भांडे नंतर.

रानवारा

चार्ल्स बलूनवाले होते हे खरे, पण त्यांचा बलून गरम हवेचा नव्हता. तो मान मोंगोल्फिए बंधूंचा. चार्ल्स यांचा बलून हायड्रोजनचा, लोखंड आणि गंधकाम्ल यांपासून काढलेल्या वायूने भरलेला. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमधून सोडलेला त्यांचा पहिला, निर्मनुष्य बलून गोनेस या गावी उतरला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला निकोला-लुई रोबेर यांच्यासह ते स्वतः वर गेले, तेव्हा बलूनला खाली उघडी नळी आणि वर झडप ठेवली होती. वर जाताना वायू पसरला तर त्याला वाट मिळावी, यासाठी ती नळी होती. मात्र तेथे वायू पसरतो तो बाहेरचा दाब उतरल्यामुळे, हे ध्यानात ठेवावे. तापमान तर उंचीबरोबर कमीच होत जाते.

काचेचे_भांडे

रानवारा यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे बलून केंद्र संशोधनासाठी हायड्रोजनचे प्लॅस्टिकचे बलून सोडते. जमिनीवर ते मुद्दाम अर्धवट, लोंबते ठेवतात. आपल्या अक्षांशांवर सुमारे १७ किलोमीटर उंचीला दाब १०० मिलिबारच्या आसपास उतरतो आणि तापमान उणे ८० अंशांच्या आसपास. दाबाच्या हिशेबाने आकारमान सुमारे साडेनऊ पट व्हावे, थंडीच्या हिशेबाने ते ०.६४ पट व्हावे. दोन्ही मिळून सुमारे सहा पट. वेफर्सच्या पाकिटाचेही असेच आहे. घाटात गारवा असल्याने पाकीट आकसायला हवे, तरी ते फुगते, कारण दाबाचा परिणाम थंडीच्या परिणामाला मागे टाकतो. म्हणजे ते उदाहरण नियमाच्या विरुद्ध दिशेने चालते आणि तरीही नियमाच्या नावाने छापले जाते.

द्रवरूप नायट्रोजनचा प्रयोगही मी विज्ञान मेळाव्यांत अनेकदा पाहिला आहे. त्याचे तापमान ७७ केल्विन. ३०० वरून ७७ वर आल्यास फुगा पाव आकाराचा राहायला हवा. पण तोंडाने फुगवलेला फुगा अक्षरशः चिमतो, कारण आतला ऑक्सिजन ९० केल्विनलाच द्रवरूप होतो, नायट्रोजनही बराचसा द्रवरूप होतो आणि उच्छ्वासातले पाणी व कार्बन डायऑक्साइड गोठतात. फुगा प्रकाशाकडे धरला, तर तळाशी डबके दिसते. हेलियमचा फुगा बुडवला, तर तो पाव आकारावर थांबतो. मेळाव्यात दोन्ही फुगे शेजारी शेजारी दाखवावेत, अशी माझी सूचना आहे.

वैद्य_नव्हे_शिक्षिका

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा नियम आम्ही रोज वापरतो, म्हणून लिहिते. फुप्फुसांची क्षमता मोजताना रुग्ण स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकतो. त्याच्या छातीतली हवा ३७ अंशांची आणि वाफेने संपृक्त असते. जुन्या, पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेच्या यंत्रात ती खोलीच्या तापमानाला येते आणि आकसते. घंटा मोकळी वरखाली होते, त्यामुळे दाब वातावरणाइतकाच राहतो. खोली २५ अंशांची असेल, तर मोजलेल्या आकारमानाला १.०७५ ने गुणावे लागते. ३ लिटर मोजले, तर छातीत ते ३.२२ लिटर होते.

या १.०७५ ची फोड उद्‌बोधक आहे. त्यातले १.०४ चार्ल्स यांचे, म्हणजे ३१० भागिले २९८. उरलेले सुमारे सव्वातीन टक्के वाफेचे, कारण थंड झाल्यावर उच्छ्वासातल्या काही वाफेचे पाणी होते. गे-ल्युसाक यांना छळणारा ओलावा आमच्या कोष्टकात कायमचा राहायला आला आहे. हल्लीची यंत्रे ही दुरुस्ती स्वतःच करतात, मात्र त्यांना खोलीचे तापमान खरे सांगावे लागते. वातानुकूलन सुरू करून तासाभराने कोणी ते बदलत नाही, ही आमची नेहमीची डोकेदुखी आहे.

टपरीवरचा_चहा

उन्हाळ्यात गॅस सिलिंडरमध्ये गॅस जास्त भरतो की कमी, हा वाद आमच्या चाळीत दरवर्षी होतो. त्याचाही निकाल लावून टाकावा.

नळीतला_पारा

सिलिंडरमध्ये मुख्यतः द्रव असतो आणि तो वजनावर विकला जातो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो. तापमानाने किलो बदलत नाहीत.

लीड्सवासी_पुणेकर

सिलिंडरला नसला, तरी पाईपने येणाऱ्या गॅसला हा नियम लागू आहे, कारण तो आकारमानाने मोजला जातो. मी येथे इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्या गॅसच्या बिलावर १.०२२६४ हा गुणक छापलेला असतो. तो कुठून येतो हे शोधताना मजा आली. प्रमाणित घनमीटर १५ अंश आणि १०१३.२५ मिलिबार यांना धरतात. येथील मीटरमधला गॅस सरासरी १२.२ अंशांचा आणि ग्राहक सरासरी ६६ मीटर उंचीवर, असे गृहीत धरले आहे. गॅस त्याहून थंड म्हणजे आकसलेला, शिवाय नळीत २१ मिलिबार जादा दाब, म्हणून मीटरवरचा एक घनमीटर प्रत्यक्षात थोडा अधिक गॅस देतो आणि तो अधिक गॅस माझ्या बिलात चढतो.

भारतातही प्रमाणित घनमीटर १५ अंशांचाच आहे. मुंबईत गॅस ३० अंशांचा धरला, तर तापमानाने मीटरवरच्या घनमीटरात सुमारे पाच टक्के गॅस कमी भरतो, आणि नळीतल्या जादा दाबाने त्यातला काही भाग भरून निघून तूट तीन-साडेतीन टक्क्यांवर येते. पुण्यात गॅस २५ अंशांचा धरला, तरी शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने वातावरणाचा दाबच ९५० मिलिबारच्या आसपास असतो, आणि तूट साडेसात टक्क्यांच्या आसपास जाते. पुणेकरांनी हा हिशेब मुंबईकरांपुढे मांडताना तापमान आणि दाब वेगवेगळे दाखवावेत, नाहीतर सगळे श्रेय उन्हाला जाईल.

सांगलीकर_७२

म्हणजे मीटर माळ्यावर उन्हात न ठेवता तळघरात ठेवावा?

लीड्सवासी_पुणेकर

मीटर कंपनीचा असतो, त्याला हलवू नये. बिलात किंवा मीटरमध्ये तापमान व दाबाची दुरुस्ती केलेली आहे का, हे मात्र ग्राहकाने जरूर विचारावे. दुरुस्ती असेल, तर वरचा सगळा हिशेब आधीच झालेला असतो.

तिरपी_रेघ

वर्गातल्या उदाहरणांकडे परत येतो. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती आणि वर पालथा ग्लास, हा प्रयोग प्राथमिक शाळेपासून चालत आला आहे. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते, आणि ‘ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढले’ असे शिकवले जाते. हे स्पष्टीकरण तपासून पाहावे. मेण जळताना जेवढा ऑक्सिजन वापरला जातो, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ज्योत ऑक्सिजन २१ वरून १५-१६ टक्क्यांवर येताच विझते. म्हणजे त्यातून घट होते ती जेमतेम दोन टक्के. पाणी मात्र त्याच्या कितीतरी पट चढते, आणि चढते ते प्रामुख्याने ज्योत विझल्यानंतर.

खरे कारण असे की ग्लास ठेवताना आत ज्योतीने तापलेली, पसरलेली हवा कोंडली जाते आणि विझल्यावर ती थंड होऊन आकसते. ९० अंशांची हवा ४० अंशांवर आली, तर ती १४ टक्क्यांनी कमी होते. दाब जवळपास वातावरणाचाच राहतो आणि ज्योत विझल्यावर हवेचे वस्तुमानही फारसे बदलत नाही. धागाकर्त्यांनी मागितलेल्या दोन्ही अटी येथे बऱ्याच अंशी पाळल्या जातात. गंमत म्हणजे, या प्रयोगाला चार्ल्सचा नियम म्हणून कोणी दाखवतच नाही.

अंजिरी

हा प्रयोग उत्तम. ग्लास टेकवताना कडेने बुडबुडे बाहेर पडताना दिसतात का, हे मुलांना मुद्दाम पाहायला सांगावे. तीच पसरून बाहेर गेलेली हवा.

फळा_खडू

तिरपी_रेघ, माझ्या धाग्याला सर्वांत उपयोगी उदाहरण आपणच दिलेत, याचा आनंद आहे. ओलाव्याचा प्रश्न येथेही उरतोच, पण बारावीसाठी तो वेगळा चर्चेचा विषय होऊ शकेल. बलूनच्या बाबतीत मात्र मी तंबू_आणि_तारे यांच्याशी अजून पूर्ण सहमत नाही, आणि परीक्षेत मुलांनी ते उदाहरण लिहिल्यास ‘ठरावीक वस्तुमान’ कुठले ते स्पष्ट करावे, असेच सांगेन.

आणखी एक विचारायचे आहे. केशनळ्या तयार करण्याइतका वेळ सगळ्या तुकड्यांसाठी मिळत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजने काम भागेल का? ५० मिलिलिटर हवा ३० अंशांना घेऊन ७० अंशांच्या पाण्यात ठेवली, तर ५६.६ मिलिलिटर दिसायला हवी. आमच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या सिरिंजने वाचन नेहमीच त्यापेक्षा कमी येते.

नळीतला_पारा

प्लॅस्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या नळीला घट्ट धरतो. हवा आधी दाब वाढवते, मग दट्ट्याला थोडे सरकवते आणि घर्षणापाशी थांबते, त्यामुळे दाब स्थिर राहत नाही. काचेची सिरिंज घ्यावी, तिचा दट्ट्या आणि आतली बाजू पूर्ण कोरडी करावी आणि टोक पक्के बंद करावे. सिरिंज उभी ठेवून हवेचा सगळा भाग पाण्याखाली बुडेल असे पाहावे, पाणी सतत ढवळावे, तापमान स्थिर झाल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे आणि वाचनापूर्वी दट्ट्या दोन बोटांनी हलकेच गोल फिरवून सोडावा. ग्रीस लावू नये, त्याने दट्ट्या अडकतो. आणि दट्ट्याला दोरा बांधून ठेवावा, कारण अकरावीच्या मुलांच्या हातून तो वर उडून फुटल्यास त्याची किंमत प्रयोगशाळा सहायकाला भरावी लागते.

फळा_खडू

काचेच्या सिरिंज भांडारात आहेत. दोऱ्याची सूचना सहायकांच्या कानावर घातली, आणि ते आपल्याला चहा पाजणार आहेत.